चौथ्यावरच

आत-बाशी. सकाळचे सहा. उणे सव्वीस.
इंजिन उठलं, कण्हत का होईना,
पण पंखा ढिम्म.
बटण एकवर: नाही. दोनवर: नाही. तीनवर:
आत कुठेतरी एक टिकटिक, तीही बहुधा मलाच वाटली.
चारवर मात्र असा खवळला, खडखडत,
की डॅशबोर्डावरची धूळ थेट माझ्या चहात.

असानाकुन आजोबा मागच्या सीटवर आधीच येऊन बसलेले,
कानटोपी भुवयांपर्यंत.
"घरात जाऊन बसा, वेळ लागेल," म्हटलं,
तर म्हणाले, "मी भाडं दिलंय."

मग पाय दाराबाहेर, डोकं पेडलांपाशी,
अशी उलटी पडले. बावन्नाव्या वर्षी.
शेजारच्या एर्मेकनं बॅटरी धरली,
माझ्या डोळ्यांत.

फ्यूज काढून उजेडात पाहिला: तार शाबूत.
शाबूत फ्यूजचा राग येतो,
एवढ्या स्वस्तात सुटता आलं असतं.
प्लग ओढला. जळका वास नाही, वितळलेलं काही नाही.
मोटरीच्या पाठीत पान्याच्या मुठीनं दोन रट्टे
(नवऱ्याची पद्धत; रेडिओलाही तो असंच समजवायचा).
तीन स्क्रू. तिसरा नेहमीसारखा
फक्त बोटांना दिसणारा.

पंखा मांडीवर आला. पात्यांत उंदराचं घर:
मेंढीची लोकर, तिकिटाचा कपटा,
आणि धाकटीच्या त्या हातमोज्याचा लाल धागा
जो आम्ही मार्चभर शोधला.
घर रिकामं होतं.
एर्मेकनं तरी ते खिशात ठेवलं.

परत बसवला. खडखड गेली.
एक: नाही. दोन: नाही. तीन: नाही.
मग घोडं पेंड खातंय कुठे?

हवेच्या नळीत हात घातला, कोपरापर्यंत,
तेव्हा सापडला रेझिस्टर.
काड्यापेटीएवढा. तीन वेटोळी,
पहिल्याच सांध्याशी तुटलेली, काळी.

लोकांना वाटतं, हा पंख्याला वीज देतो.
देत नाही. अडवतो.
थोडी अडवली की तीन, जास्त अडवली की दोन,
बाही धरूनच बसला की एक.
चारची वाट त्याच्या दारावरून जातच नाही.
तो जळाला की हळू असं काही उरत नाही,
वादळ, नाहीतर शुकशुकाट.

नवा मिळणार नारिनच्या बाजारात.
निघालो. चारवर.

"नारिनला कशाला?" मी ओरडले.
"भावाकडे!"
"काय?"
"भावाकडे! अकरा वर्षं झाली!"
"कशावरून?"
"घोडी!"
"कुणाची होती?"
"मेली ती!"

पुढचं नीट ऐकावं म्हणून पंखा बंद केला.
आजोबाही बंद झाले.
काचेवर कडांकडून बर्फ चढू लागला,
समोर राहिली बशीएवढी जागा,
मोबाइलच्या जुन्या रिचार्ज कार्डानं खरवडून राखलेली.
त्या बशीतून मी खिंड उतरवली.
मागून कुणी शिंकलं, तेवढंच.
मग बशीची वाटी झाली आणि वाटीची बशी काही होईना,
तेव्हा पुन्हा चार.

सहाशे सोम. बाजारातल्या पोरानं घासाघीस करू दिली नाही.
गाडीतच बसवला, हातमोजे न काढता जमेना,
काढल्यावर बोटं जमेनात.

आजोबा ठरल्या वेळेआधी पाऊण तास परतले.
हातात एक लगाम. जुना, पण तेल नुकतं लावलेलं.
मी विचारलं नाही,
त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.
बाकीचे अजून यायचे होते.
मी उगाच, दाखवायला म्हणून, तीन लावला. मग दोन.
मग एक, ज्याचा आवाज झोपलेल्या मुलासारखा.

"इथंच असू दे," म्हणाले,
मागची सीट सोडून पुढे येऊन बसले,
लगाम मांडीवर घेतला
आणि घसा खाकरला.